घरीच ड्रॉइंग शिकतोय, आपली चूक आपल्याला कशी सापडणार?

गिरणाकाठ (भडगाव)

नमस्कार मंडळी. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षा दिल्या होत्या, नंतर पेन्सिल सुटली. आता पुन्हा धरली आहे. गावात क्लास नाही आणि जळगावला आठवड्यातून दोनदा जाणं जमणार नाही. रात्री जेवणं झाल्यावर पाऊण तास मिळतो, रविवारी सकाळी दोनेक तास.

अडचणी अशा: मोबाईलवरच्या फोटोवर चौकटी आखून काढलं की चेहरा बऱ्यापैकी येतो, पण तोच माणूस समोर बसवला की ओळखू येत नाही. तांब्या, समई, कुंडी काढायला घेतली की एक बाजू फुगते आणि बूड टेबलावर टेकल्यासारखं वाटत नाही. कागद पाटावर आडवा ठेवून काढताना चित्र बरं दिसतं, भिंतीला उभं लावलं की लांबट होतं, वरचा भाग मोठा वाटतो. आणि सावली भरली की सगळं मळकट.

घरचे "छान आहे" म्हणतात. ग्रुपवर टाकलं तर अंगठे येतात. दोन्हींतून पुढे काय करायचं ते कळत नाही. शिक्षक समोर नसताना चूक तपासायची कशी, कोणाला नेमकं काय विचारायचं, आणि पाऊण तास कसा वापरायचा, हे जाणकारांनी सांगावं.

ओळंबा (धुळे)

भाऊ, तुमच्या चारही अडचणींची कारणं वेगळी आहेत, म्हणून एकेक घेतो.

लांबट चित्राचं आधी, कारण ते आज रात्रीच सुटेल. कागद आडवा असला की त्याचा वरचा भाग डोळ्यापासून लांब जातो आणि आखूड दिसतो. हात नकळत तो आखूडपणा भरून काढतो, म्हणजे उभी मापं वाढवतो, वरच्या भागात जास्तच. चित्र उभं केलं की ती वाढ उघडी पडते. बोर्ड मांडीवर ठेवून वरची कड खुर्चीच्या पाठीला टेकवा. नजर कागदाच्या मध्यावर पडते तिथे ती कागदाशी काटकोनात यायला हवी. आणि वस्तूकडून कागदाकडे बघताना मान वळवावी लागू नये, नुसते डोळे फिरले पाहिजेत.

आता चौकटींचं. चौकट वाईट नाही, पण मोजायचं काम ती करते, तुमचा डोळा करत नाही. समोर माणूस बसला की चौकट नाही आणि डोळ्याला सवय नाही. यावर एकच क्रम सांगतो आणि तो कधीही उलटा करू नका: अंदाज आधी, मोजमाप नंतर. पहिले पाच मिनिटं काहीही न मोजता वस्तूचं वरचं, खालचं, डावं, उजवं टोक कागदावर बारीक खुणांनी ठेवा. मग पेन्सिलने मोजा आणि खूण कुठे चुकली ते बघा. खूण खोडू नका, शेजारी दुसरी करा. दोन खुणांमधलं अंतर म्हणजे तुमच्या डोळ्याची आजची चूक. आधीच मोजून घेतलं तर चित्र बरोबर येईल, पण डोळा जिथल्या तिथे राहील. घरी शिकणाऱ्याचं खरं अडतं ते इथे. सराव भरपूर होतो, पण त्यात चूक दिसायची सोय नसते.

मोजायची रीत (हात लांब करून पेन्सिलचं टोक वस्तूच्या एका टोकाशी आणि अंगठा दुसऱ्या टोकाशी) सगळ्यांना माहीत असते, चुकते ती बारकाव्यात. कोपर पूर्ण ताठ हवं. जरा वाकलं की माप बदलतं. डोळा एकच मिटायचा आणि प्रत्येक वेळी तोच. पेन्सिल समोर काच आहे असं समजून त्या काचेवर धरायची. टेबलाची मागे जाणारी कड मोजताना हात आपोआप पेन्सिल कडेच्या दिशेने आत झुकवतो, तिथेच बहुतेकांचं माप बिघडतं. वस्तूचा एखादा ठळक भाग एकक धरा. तांब्याचं असेल तर गळ्याची रुंदी घ्या आणि पोट तिच्या किती पट, उंची किती पट ते बघा. सेंटिमीटर नकोत, पट हवी. वस्तूपासून तिच्या उंचीच्या निदान तिप्पट लांब बसा, त्याहून जवळ गेलात तर वरून एक आणि खालून एक अशी दोन दृश्यं एका चित्रात येतात.

दुसरं साधन गवंड्याचा ओळंबा. विकत आणायची गरज नाही, दोऱ्याला एक नट बांधा. दोरा समोर लोंबता धरला की कशाच्या बरोबर खाली काय येतं ते दिसतं. तांब्याच्या तोंडाची डावी कड बुडाच्या कडेच्या आत पडते की बाहेर? बसलेल्या माणसाच्या कानाखाली खांदा येतो की दंड? असे तीन ओळंबे तपासले की चेहऱ्याचं आणि बसणीचं निम्मं काम होतं. चेहऱ्यात आणखी एक बघा: डोळे डोक्याच्या पूर्ण उंचीच्या साधारण मध्यावर असतात. केसांचा भाग नजरेला बिनमहत्त्वाचा वाटतो म्हणून कवटी आखूड निघते आणि डोळे वर सरकतात. समोरचा माणूस ओळखू न येण्याचं हे फार मोठं कारण.

तिसरं, मोकळी जागा. समईच्या दांड्याशेजारी हवेचा जो आकार दिसतो तो काढा, समई काढू नका. समई कशी असते हे मनाला ठाऊक असतं, हवेचा आकार ठाऊक नसतो, त्यामुळे तो बघूनच काढावा लागतो.

बुडाचं सांगायचं राहिलं, ते खाली कोणीतरी नीट लिहील. मी इतकंच म्हणतो की पहिला महिना सावली भरूच नका.

पितळ आणि माती (सोनगीर)

बुडाचं मी लिहिते. आमच्याकडे तांब्या-पितळेची भांडी चहूकडे, त्यामुळे हा प्रश्न इथे जुनाच आहे.

गोल तोंड तिरकं बघितलं की लंबवर्तुळ दिसतं. भांडं डोळ्याच्या पातळीच्या जितकं खाली, तितकं लंबवर्तुळ उघडं, म्हणजे गोलाकडे झुकणारं. तोंड डोळ्याच्या रेषेत आलं तर नुसती सरळ रेघ दिसेल. उभ्या भांड्यात बूड तोंडाच्या खाली असतं, म्हणून बुडाचं लंबवर्तुळ तोंडापेक्षा जास्त उघडं हवं. पण भांडं सपाट टेबलावर आहे हे आपल्याला माहीत असतं, आणि तेवढ्यासाठी हात बुडाशी सरळ रेघ मारतो. तुमचं बूड टेकत नाही ते यामुळे.

आकडे घ्या म्हणजे तपासता येईल. तोंड ८ सेंमी रुंद आणि २ सेंमी उंच काढलं तर प्रमाण ४ ला १. बुडाचं प्रमाण ४ ला १ पेक्षा उघडं असलंच पाहिजे, समजा ३ ला १. बूड ६ सेंमी रुंद असेल तर त्याचं लंबवर्तुळ २ सेंमी उंच. मागची न दिसणारी बाजूही हलक्या हाताने पूर्ण काढा, भांडं काचेचं असल्यासारखं. पुढची अर्धीच कमान काढली की ती नेमकी चुकते.

टोकं टोकदार करू नका. लंबवर्तुळाला कोपरे नसतात, अगदी चपट्यालाही टोकाशी छोटीशी गोलाई असते. एक बाजू फुगते त्यासाठी मधली उभी रेघ आधी आखा, काम झाल्यावर कागद त्या रेघेवर दुमडून खिडकीच्या काचेला धरा. दोन्ही बाजू एकमेकींवर पडतात की नाही ते लगेच दिसतं. लोटा आडवा पडला असेल तर लंबवर्तुळाचा आखूड आस (लहान मधली रेघ) लोट्याच्या मधल्या रेघेवरच येतो. लांब आस तिरका का होईना, त्या रेघेशी काटकोनात.

सुरुवात पितळेने करू नका. चकचकीत भांड्यात खिडकी, दार, तुम्ही स्वतः, सगळं दिसतं आणि काळ्यापांढऱ्या पट्ट्या आकाराशी जुळत नाहीत. आधी मातीची कुंडी घ्या, मग मडकं. तांब्या त्यानंतर. तांब्याला आलात की बोटाने घासून छटा मिसळू नका, पितळेवरच्या कडा धारदार असतात आणि त्या धारेतच धातू दिसतो. मधे एखाद्या दिवशी केळीची फणी काढा. केळं नळीसारखं गोल काढलं जातं, पण नीट बघा: त्याला उभ्या कडा असतात आणि कडांमधे जवळजवळ सपाट पट्ट्या. एक पट्टी उजेडात, शेजारची मध्यम, पुढची अंधारात. या तीन छटा सपाट भरल्या तरी केळं उठून दिसतं, आणि छटा कशा विभागायच्या ते हाताला कळतं.

मळकटपणाचं कारणही याच विभागणीत आहे. सगळीकडे मधलीच करडी छटा पडते. आधी फक्त दोन भाग पाडा, उजेड आणि अंधार. डोळे किलकिले करून सीमा शोधा, अंधाराचा सगळा भाग ४बी या मऊ, गडद पेन्सिलने एकसारखा भरा, उजेडाला हात लावू नका. चित्र दोन मीटरवर ठेवून वस्तू गोल वाटली तरच पुढे जा. अंधाराच्या बाजूला टेबलावरून परत आलेला उजेड दिसतो, तो सगळे जण जास्त पांढरा ठेवतात. उजेडाच्या बाजूच्या सगळ्यात गडद छटेपेक्षाही तो गडद हवा. एचबी ही कडक पेन्सिल दाबून काळं करायला गेलात तर काळं होत नाही, चमकतं. आणि रात्री ट्यूब बंद करून एकच दिवा वस्तूच्या वर, एका बाजूला ठेवा. छतावरची ट्यूब आणि शेजारचा बल्ब मिळून दोन सावल्या पाडतात आणि उजेड-अंधाराची सीमाच पुसली जाते. एका दिशेचा उजेड साध्या वस्तूंचं काय करतो ते बघायचं असेल तर चाळीसगावचं केकी मूस यांचं कलादालन तुमच्यापासून लांब नाही. टेबलावर मांडलेल्या साध्यासुध्या वस्तूंतून त्यांनी उभी केलेली छायाचित्रं तिथे निवांत बघा. कुठून उजेड आला, सावली किती लांब, हे प्रत्येक चित्रात शोधा.

तापीपल्याड (यावल)

वरचं सगळं बरोबर, पण एका मुद्द्यावर माझं मत वेगळं आहे. महिनाभर नुसत्या कुंड्या आणि तांबे काढले तर हात आखडतो. पहिल्या दिवसापासून दहा मिनिटं हलत्या गोष्टींना द्या.

रीत अशी: ३० सेकंदांत एक चित्र, अशी पाच. मग दोन-दोन मिनिटांची तीन. हात खांद्यातून हलवा, मनगट कागदावर टेकवू नका. माणूस असेल तर पहिली रेघ डोक्यापासून पायापर्यंत कण्याची, दुसरी खांद्यांचा कल, तिसरी कमरेचा कल. एका पायावर भार देऊन उभ्या माणसाच्या गळ्याच्या खळगीतून ओळंबा सोडला तर तो भाराच्या पायावर येतो. नाही आला तर चित्रातला माणूस पडतोय. कमरेचा कल भाराच्या बाजूला वर असतो, खांद्याचा बहुधा त्याच बाजूला खाली. ३० सेकंदांत नाक-डोळे काढायला वेळच नाही, आणि तोच फायदा.

आठवडे बाजार यासाठी उत्तम. भाजीवाल्या तासन्‌तास बसतात आणि तीन-चार बसण्यांमधेच फिरून येतात. दुपारी गोठ्यात रवंथ करणारे बैल तर त्याहून बरे. एका पानावर चार-पाच चित्रं एकदम सुरू ठेवा. बैलाने मान वळवली की दुसरं सुरू करा, तो जुन्या स्थितीत आला की पहिल्याकडे परत या. बैलात आधी पाठीची रेघ आणि वशिंड, मग छाती, पोट, पुठ्ठा असे तीन गोळे, पाय शेवटी. बैलाची मान सगळे बारीक काढतात. तिची जाडी डोक्याशी ताडून बघा. मागच्या पायाचा जो सांधा उलटा वळलेला दिसतो तो गुडघा नाही, घोटा आहे. गुडघा वर, पोटाच्या कडेशी असतो. घोड्याचंही तेच. मार्गशीर्षात सारंगखेड्याच्या दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरतो, तिथे जाणार असाल तर हे आधी पक्कं करून जा.

उघड्यावर काढताना सूर्य तासाला १५ अंश सरकतो हे धरून चाला. पहिल्या दहा मिनिटांत सावल्यांच्या कडा आखून ठेवा आणि नंतर सावली सरकली तरी आखलेलीच पाळा. पहिल्या तासाची अर्धी आणि दुसऱ्या तासाची अर्धी सावली एका चित्रात आली की उजेड कुठून येतो तेच कळेनासं होतं. आपल्याकडे मे महिन्यात नऊच्या पुढे तसंही बाहेर बसू नये, आणि डोक्यावरच्या उन्हात आकार सपाट दिसतात.

गिरणाकाठ (भडगाव)

तिघांचेही आभार. म्हणजे फोटोवरून काढणं बंद करू का? आणि कोणाला, काय विचारायचं ते राहिलंच.

रेघ आणि रबर (भुसावळ)

फोटो बंद करू नका, वापर बदला. आधी समोरच्या वस्तूवरून चित्र पूर्ण करा. मग जो डोळा उघडा ठेवला होता त्याच्यासमोर मोबाईल धरून वस्तूचा फोटो घ्या. आता चित्राचा फोटो आयबिस पेंटसारख्या ॲपमधे दुसऱ्या थरावर ठेवा, पारदर्शकता निम्मी करा आणि एका मापात आणून एकमेकांवर सरकवा. कुठे किती सुटलं ते उघड दिसेल. एक सावधानता: मोबाईलचा कॅमेरा जवळून जवळची बाजू फुगवतो. वस्तू लहान असेल तरी दीड-दोन मीटरवरून, दुप्पट झूम करून घ्या आणि चित्रही तेवढ्याच अंतरावर बसून काढा, नाहीतर कॅमेऱ्याची चूक तुमच्या नावावर जाईल.

नक्कल करण्यालाही किंमत आहे, फक्त ती तीन टप्प्यांत करा. एखाद्या चांगल्या छापील चित्रातला एकच भाग घ्या, उदाहरणार्थ अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीचा कमळ धरलेला हात. आधी ट्रेसिंग पेपरवर गिरवा, मग शेजारी ठेवून बघून काढा, मग झाकून आठवणीने. तिसऱ्यात जे सुटलं ते तुम्ही बघितलंच नव्हतं. मुंबईच्या जेजे स्कूलमधले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली तिथल्या विद्यार्थ्यांनी १८७२ ते १८८५ या काळात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या, त्यातला बराच भाग पुढे लंडनच्या आगीत गेला. पण तिथल्या रेघेचा अभ्यास असा समोर बसून, मोजून झाला. बोटाच्या वळणावर रेघ कुठे जाड होते आणि कुठे विरते ते गिरवताना हाताला जाणवतं.

आता विचारण्याबद्दल. "कसं वाटलं?" विचारलं की "छान" हेच उत्तर येणार, दोष सांगणाऱ्याचा नाही. पाच गोष्टी द्या: वस्तूचा फोटो, चित्राचा फोटो, लागलेला वेळ, उजेडाची दिशा आणि एकच प्रश्न. प्रश्न "हो", "नाही" किंवा "इथे" असं उत्तर येईल इतका नेमका हवा. "डावा खांदा उजव्यापेक्षा पुरेसा खाली आहे का?" याला कोणीही उत्तर देईल, चित्रकार नसलेलाही. चित्राचा फोटो दाराजवळ सावलीत, बोर्डाला समांतर धरून काढा. स्कॅनचं ॲप नको, ते हलक्या छटा पांढऱ्या करून टाकतं आणि लोक नसलेल्या चुका सांगतात.

माणसं तालुक्यातच आहेत. हायस्कूलचे कलाशिक्षक दरवर्षी इंटरमिजिएटच्या मुलांची वस्तुचित्रं तपासतात, प्रमाणाची चूक त्यांना लांबून दिसते. गणपतीच्या मूर्तिकाराला हातापायांच्या गोलाईबद्दल विचारा, पण सणाआधीच्या दोन महिन्यांत त्यांना गाठू नका. पाट्या रंगवणारे जुने पेंटर भेटले तर लांब रेघ एका दमात कशी ओढायची ते बघून घ्या.

उत्तर मिळालं की मूळ चित्रावर दुरुस्ती नको. वर ट्रेसिंग पेपर ठेवून लाल पेन्सिलने फरक दाखवा, तारीख टाका आणि दोन दिवसांत तीच वस्तू त्याच जागेवरून पुन्हा काढा. नवी वस्तू घेतली की जुनी चूक लपते. वहीच्या शेवटच्या पानावर चूक आणि तिचं कारण एका ओळीत लिहीत जा. दहाएक चित्रांत दोन-तीनच चुका पुन्हा पुन्हा दिसतील: उभ्या रेघा उजवीकडे कलणं, डोकं मोठं होणं असं काहीतरी. पुढच्या आठवड्याची पहिली दहा मिनिटं त्या एका चुकीला.

पाऊण तास असा धरा: दहा मिनिटं झटपट चित्रं, पाच मिनिटं अंदाजाच्या खुणा, वीस मिनिटं मोजून काढणं, दहा मिनिटं तपासणी. तपासणीचा वेळ चित्राला देऊ नका.

कागद सरावाला न्यूजप्रिंट किंवा ब्राउन पेपर, ठेवायच्या चित्राला १३० ते १५० जीएसएम जाडीचा कार्ट्रिज (चित्रकलेचा कागद), आकार ए३. २बी आणि ४बी पुरतात. शिसं कटरने सेंटीमीटरभर उघडं काढा, म्हणजे आडवं धरून सपाट छटा देता येते. हाताखाली कोरा कागद हवाच. आपल्या उन्हाळ्यात घामाने कागद दमट होतो आणि तिथे छटा डागाडागांची बसते.

गिरणाकाठ (भडगाव)

सांगितल्याप्रमाणे मातीची कुंडी काढली. दोन्ही फोटो जोडले आहेत. वेळ ३५ मिनिटं, उजेड डावीकडून वरून, सावली भरलेली नाही. कागदावर तोंड १२ सेंमी रुंद, ३ सेंमी उंच. बूड ८ सेंमी रुंद, पूर्ण लंबवर्तुळाची उंची १.२ सेंमी. प्रश्न: बूड पुरेसं उघडं आहे का?

पितळ आणि माती (सोनगीर)

नाही. तोंड ४ ला १ आहे, बूड साडेसहाला १ च्याही पुढे गेलंय, म्हणजे उलटं झालं. ४ ला १ च धरलं तरी ८ सेंमीला २ सेंमी उंची येते, आणि बूड खाली असल्याने त्याहून जास्त हवी. फोटोत मोजलं तर २.३ च्या आसपास भरते. म्हणजे पुढची कमान बुडाच्या दोन्ही टोकांच्या खाली सव्वा सेंमीच्या थोडी आत येईल, तुमची ०.६ वरच थांबली आहे. मधली रेघ सरळ आहे आणि दोन्ही बाजू जुळतात, ते आता सोडून द्या. उद्या हीच कुंडी, हीच जागा, फक्त तोंड आणि बूड, बाजूच्या रेघा काढू नका. तसे सहा काढून एकाच फोटोत टाका.